बाबा डावखुरे, म्हणून रायफलही डावखुरीच?

डावखुऱ्या वडिलांना शिकारीची रायफल भेट द्यायची तर ती डावखुरीच हवी, हा समज फार जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. लिहायचा हात कोणता, यापेक्षा रायफल कोणत्या खांद्याला लागते हे महत्त्वाचं. आणि ते पुष्कळदा प्रबळ डोळ्यावर, म्हणजे नेम धरताना ज्यावर जास्त भिस्त असते त्या डोळ्यावर, ठरतं. डाव्या हाताने लिहिणाऱ्या अनेकांचा उजवा डोळा प्रबळ असतो.

नेहमीच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा बोल्ट, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे-पुढे करायचा दांडा, उजवीकडे असतो. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याला प्रत्येक गोळीनंतर एकतर चापावरचा हात काढून पलीकडे न्यावा लागतो, नाहीतर पुढचा आधाराचा हात सोडावा लागतो. त्याला डावीकडे बोल्ट असलेली रायफल खरंच सोयीची. टिक्का, सॅव्हेज, रुगर अशा कंपन्या ती बनवतात. मात्र मॉडेल आणि कॅलिबर (नळी-गोळीची मापं) मोजकीच मिळतात.

पण वडिलांनी आयुष्यभर उजव्या बोल्टवरच हात बसवला असेल तर? मग ही भेट म्हणजे त्यांना नव्याने शिकायला लावणं. चापाजवळचा दांडा खाली-वर करून चालणारी, वरून रिकामी पुंगळी फेकणारी लिव्हर-अ‍ॅक्शन किंवा गोळी भरायला मधून दुमडून उघडणारी एकनळी रायफल दोन्ही खांद्यांना बऱ्यापैकी चालते. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची लांबी तर हमखास विसरली जाते, आणि नेम बिघडवते तीच.

म्हणून सरप्राइजचा हट्ट नको. त्यांनाच दुकानात न्या, रायफल खांद्याला लावू द्या. तसंही परवाना आणि हस्तांतराचे नियम बघता, गुपचूप भेट बऱ्याच ठिकाणी कायद्यात बसत नाही.