मेंचू तूम, रिगोबेर्ता

(९ जानेवारी १९५९ – ). ग्वातेमालातील किचे-माया आदिवासींच्या मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या व १९९२ च्या शांतता नोबेल पारितोषिकाच्या मानकरी. जन्म उस्पांतानजवळील लाह चिमेल या डोंगराळ खेड्यात. वडील बिसेंते हे जमिनीच्या हक्कांसाठी लढणारे शेतकरी होते. धाकटा भाऊ १९७९ मध्ये लष्कराकडून मारला गेला. ३१ जानेवारी १९८० रोजी राजधानीतील स्पेनच्या वकिलातीत ठाण मांडलेल्या निदर्शकांवर पोलिसांनी चढाई केली, तेव्हा भडकलेल्या आगीत वडिलांसह सुमारे ३७ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी आई हुआना तूम यांना पळवून नेऊन, हाल करून ठार करण्यात आले. १९८१ मध्ये रिगोबेर्ता यांनी मेक्सिकोत आश्रय घेतला.

१९८२ मध्ये पॅरिस येथे मानवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बुर्गोस यांना त्यांनी उशिरा शिकलेल्या स्पॅनिशमध्ये आपली कहाणी सांगितली आणि ती पुढील वर्षी ग्रंथरूप झाली. या कथनाच्या विश्वसनीयतेविषयी मोठा वाद आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन अभ्यासक डेव्हिड स्टॉल यांनी असे दाखवले की, वडिलांचा जमिनीचा तंटा बऱ्याच अंशी नातलगांशीच होता, शाळा न पाहिल्याचे विधान टिकत नाही आणि भावाच्या मृत्यूचा प्रसंग वर्णिल्याप्रमाणे घडला नसावा. मात्र भाऊ व आई-वडील राजवटीच्या हिंसेचे बळी ठरले, हे स्टॉल यांनीही नाकारलेले नाही. आपली कथा ही साऱ्या गरीब ग्वातेमालावासीयांची कथा होय, असे मेंचू यांनी आरंभीच म्हटले होते. म्हणून तिच्याकडे समूहाची साक्ष म्हणून पाहणारे मत अधिक ग्राह्य वाटते. नोबेल समितीनेही पारितोषिक परत घेण्याची मागणी अमान्य केली. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये ग्वातेमालातील यादवी युद्धातील (१९६०–९६) मृत व बेपत्ता यांची संख्या २ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज दिला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते.

त्याच वर्षी मेंचू यांनी लष्करी अधिकाऱ्यांविरुद्ध वंशसंहाराची फिर्याद स्पेनच्या न्यायालयात दाखल केली, कारण मायदेशात न्यायाची वाट बंद होती. २००७ व २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना अत्यल्प मते पडली. वकिलातीच्या जळिताबद्दल तत्कालीन पोलीस अधिकारी पेद्रो गार्सिया आरेदोंदो याला ग्वातेमालातील न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे घटनेला जवळजवळ ३५ वर्षे लोटल्यावर, दोषी ठरवले. त्या खटल्यात मेंचू स्वतः फिर्यादी पक्षात होत्या.