जैविक पितृत्व आणि गर्भधारणा

ज्या पुरुषाच्या शुक्राणूमुळे स्त्रीबीजाचे फलन होते, तो त्या अपत्याचा जैविक पिता. हे पितृत्व एका शुक्राणूने एकदाच ठरते. त्यात दोघांचे वाटे पडत नाहीत आणि गर्भ राहिल्यानंतरच्या कोणत्याही संबंधाने ते बदलत नाही.

बीजकोशातून साधारणपणे प्रत्येक पाळीचक्रात एक स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते 12 ते 24 तासच फलनक्षम राहते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या जननमार्गात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. सोमवारच्या संबंधातून शुक्रवारी फलन होऊ शकते ते यामुळेच. चार-पाच दिवसांच्या आत दोन पुरुषांशी संबंध आला असेल, तर केवळ तारखांवरून पिता सांगता येत नाही. सोनोग्राफीही गर्भाचे वय काही दिवसांच्या फरकानेच सांगते. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून डॉक्टर ‘आठ आठवडे झाले’ म्हणतात तेव्हा फलन होऊन सुमारे सहाच आठवडे झालेले असतात. हा हिशेब ठाऊक नसल्याने निर्दोष स्त्रियांवर संशय घेतला जातो, म्हणून तो प्रत्येकाला माहीत असायला हवा.

वीर्यातून कोट्यवधी शुक्राणू सुटतात, पण गर्भनलिकेत स्त्रीबीजाच्या आसपास पोहोचतात ते जेमतेम काहीशे. स्त्रीबीजाभोवती पेशींचा थर आणि त्याच्या आत एक जाड, पारदर्शक आवरण असते. शुक्राणूच्या डोक्यावरील टोपीसारख्या पिशवीतून विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) बाहेर पडतात, त्यांच्या आणि शेपटीच्या जोरावर तो या आवरणातून वाट काढतो. एका शुक्राणूचे पटल स्त्रीबीजाच्या पटलाशी जुळले, की स्त्रीबीजात कॅल्शियमची लाट उसळते. पृष्ठभागालगतच्या सूक्ष्म कणिका फुटतात, त्यांतील द्रव्यांमुळे बाहेरचे आवरण बदलते आणि मागून आलेल्या शुक्राणूंना वाट बंद होते. क्वचित दोन शुक्राणू आत शिरलेच, तर गर्भात 46 ऐवजी 69 गुणसूत्रे (आनुवंशिक माहिती वाहणारे डीएनएचे धागे) येतात. असा गर्भ बहुधा सुरुवातीच्या महिन्यांतच पडतो. दोन पुरुषांच्या बीजांतून मिळून एक मूल घडते, ही समजूत त्यामुळे खरी नाही.

आईची 23 आणि वडिलांची 23 गुणसूत्रे एकत्र येतात. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. शुक्राणूत एक्स किंवा वाय. म्हणून मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरते. मुली झाल्या म्हणून आईला बोल लावण्यास विज्ञानात कसलाही आधार नाही. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया मात्र जवळजवळ सर्वच आईकडून येतात.

हे ज्ञान उशिरा हाती आले. लेव्हेनहूक याने 1677 मध्ये शुक्राणू पाहिले, फॉन बेअर याने 1827 मध्ये सस्तन प्राण्याचे बीज ओळखले आणि 1876 मध्ये ऑस्कर हर्टविग याने सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यात स्त्रीबीज आणि शुक्राणू या दोन्ही बीजांची केंद्रके एक होताना दाखवली. तोवर तर्कच चालत. स्त्रीच्या आधीच्या जोडीदाराची छाप पुढच्या अपत्यांवर उमटते, ही समजूत पशुपैदास करणाऱ्यांतही होती. जेम्स कोसार ईवर्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झेब्रा आणि घोड्यांवर प्रयोग करून तिला आधार नसल्याचे दाखवले. आधीच्या गर्भाच्या काही पेशी आईच्या शरीरात वर्षानुवर्षे राहतात हे खरे. पण स्त्रीबीजांचा साठा ती स्वतः जन्मण्यापूर्वीच तयार झालेला असतो आणि त्यातील गुणसूत्रे तिचीच असतात.

जुळ्यांच्या बाबतीत एक दुर्मीळ पण खरी शक्यता आहे. एकाच पाळीचक्रात दोन स्त्रीबीजे सुटली आणि दोन वेगळ्या पुरुषांच्या शुक्राणूंनी त्यांचे फलन झाले, तर एकत्र जन्मलेल्या जुळ्यांचे वडील वेगळे असतात. तेव्हाही प्रत्येक बाळाचा जैविक पिता एकच.

पिता ओळखण्यासाठी चेहरेपट्टी किंवा रंग यांवर भरवसा ठेवू नये. रक्तगटावरून फार तर एखाद्याचे पितृत्व नाकारता येते, आणि तेही जपून: मुंबईत भेंडे व सहकाऱ्यांनी 1952 मध्ये वर्णन केलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाची व्यक्ती नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाची वाटते, पण ती ए किंवा बी गटाचे जनुक अपत्याला देऊ शकते. ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये डीएनए ठशांचे तंत्र शोधल्यावर चित्र पालटले. आज डीएनएतील लहान पुनरावृत्तींची, म्हणजे एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची, संख्या अनेक ठिकाणी मोजतात. समजा एका ठिकाणी बाळाकडे 12 आणि 17, तर आईकडे 12 आणि 14 पुनरावृत्ती आहेत. 12 आईकडून आल्या, म्हणजे 17 पित्याकडूनच यायला हव्यात. तपासलेल्या पुरुषाकडे 17 नसतील तर विसंगती नोंदवली जाते. मात्र उत्परिवर्तनामुळे, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलामुळे, एखादी विसंगती खऱ्या पित्यातही दिसू शकते, म्हणून एकाच ठिकाणावरून कोणालाही वगळत नाहीत. गर्भाच्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात असल्याचे 1997 मध्ये आढळले, तेव्हापासून जन्मापूर्वी गर्भाला धक्का न लावता, आईचे रक्त आणि संभाव्य पित्याचा नमुना घेऊन अशी चाचणी करण्याचा मार्ग खुला झाला. संभाव्य पिता एकबीज जुळ्या भावांपैकी असेल, तर नेहमीची चाचणी दोघांत फरक करू शकत नाही. त्यासाठी दोघांच्या संपूर्ण डीएनएचे वाचन करून भाऊ गर्भात वेगळे झाल्यानंतर घडलेली तुरळक उत्परिवर्तने शोधावी लागतात.