रविवारची शाळा

रविवारची शाळा : लहान मुलांना चांगल्या सवयी लावण्यासाठी आणि ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देण्यासाठी रविवारी भरणारी शाळा. मराठी ख्रिस्ती घरांत तिला सर्रास ‘संडे स्कूल’ म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी ‘शब्बाथ शाळा’ हे नावही आहे. आज ती चर्चमधला तासाभराचा वर्ग वाटते, पण तिचा उगम कष्टकरी पोरांना अक्षरओळख करून देण्याच्या धडपडीत आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरात टाचण्या बनवण्याचा मोठा धंदा होता. त्यात सोमवार ते शनिवार राबणारी मुले रविवारी मोकळी सुटत आणि गल्लीबोळांत दंगामस्ती, शिवीगाळ चाले. ‘ग्लॉस्टर जर्नल’ या वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट रेक्स त्याआधी बरीच वर्षे तुरुंगातील कैद्यांसाठी झटत होते. माणूस बिघडल्यावर सुधारण्यापेक्षा तो लहान असतानाच त्याला वळण लावावे, हा विचार तिथेच पक्का झाला. १७८० मध्ये टॉमस स्टॉक या धर्मगुरूंच्या साथीने त्यांनी शाळा उघडली. रेक्स हे पहिलेच होते असे नाही. हाय विकम गावी हॅना बॉल या बाईंनी १७६९ मध्ये असा वर्ग सुरू केला होता. मात्र रेक्स यांच्या हाती छापखाना होता. १७८३ मध्ये त्यांनी आपल्या वृत्तपत्रात या प्रयोगाची हकिकत छापली आणि ही कल्पना देशभर गेली.

शाळेचा दिवस लांबलचक असे. मुले सकाळी दहाच्या सुमारास येत, बाराला जेवायला घरी जात, एकला परतत. वाचनाचा धडा झाला की त्यांना चर्चमध्ये नेत, आणि मग साडेपाचपर्यंत प्रश्नोत्तरावलीची, म्हणजे प्रश्न-उत्तरांच्या रूपातील धर्मशिक्षणाची घोकंपट्टी. शिकवणाऱ्या बायकांना रविवारचा एक शिलिंग मिळे. सुटताना ताकीद एकच : गडबड न करता सरळ घरी जा. प्रवेशाची अटही साधी होती : हात-तोंड धुतलेले आणि केस विंचरलेले असावेत. फाटका अंगरखा चाले, अनवाणी पायही चालत. ज्या पोराच्या घरी काहीच नाही, त्यालाही पाणी मिळतेच. रेक्स यांनी मागितले ते तेवढेच. या शाळेचा खरा मोठेपणा या अटीत आहे. नीट वागणाऱ्याला पुस्तक, कंगवा, कधी बूट बक्षीस मिळत. धाकही होताच, त्या काळी छडीवाचून शाळा कुणाला सुचतच नव्हती.

तिथे पाठ करून घेतली जाणारी अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडची) प्रश्नोत्तरावली बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिचा पहिला प्रश्न देवाविषयी नाही. ‘तुझे नाव काय?’ हा आहे. मग ते नाव कुणी दिले, असे विचारत बाप्तिस्म्याकडे, विश्वासांगीकाराकडे (श्रद्धेच्या जाहीर कबुलीकडे), बायबलमधील दहा आज्ञांकडे ती मुलाला नेते. शेजाऱ्याप्रति कर्तव्य सांगताना चोरीपासून हात आवर, निंदा आणि खोटे यांपासून जीभ आवर, आणि खऱ्या कष्टाने आपले पोट भरायला शीक, असे ती बजावते. इथे श्रद्धा आणि सवय असे दोन विषय राहत नाहीत. हात आणि जीभ या तर लहान मुलाला रोज कळणाऱ्या गोष्टी. देव तिथूनच समजू लागतो.

विरोधही झाला. लेखिका हॅना मोर यांनी १७८९ मध्ये इंग्लंडमधील चेडर येथे शाळा काढली, तेव्हा शेतमजूर वाचायला शिकले तर शेतीचे वाटोळे होईल, असे तिथल्या सधन शेतकऱ्यांचे म्हणणे होते. खुद्द मोरबाई वाचन शिकवत, लेखन मात्र नाही. रविवारी लिहायला शिकवणे म्हणजे विश्रामदिनाचा भंग, असेही अनेकांना वाटे, आणि त्यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तरीही १८३१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे साडेबारा लाख मुले या शाळांत जात. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर वाचन-लेखन हळूहळू आठवड्याच्या शाळांकडे गेले आणि रविवारकडे धर्मशिक्षण उरले.

महाराष्ट्रात ही पद्धत मिशनऱ्यांबरोबर आली. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून, अहमदनगरला १८३१ पासून सुरू झाले. मिशनने पुढे मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. अलाहाबादला १८७६ मध्ये संडे स्कूलची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. परक्या चालीची गाणी इथल्या मुलांच्या ओठी नीट बसत नसत. ती उणीव भरून काढण्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या मराठी पद्यांचा वाटा फार मोठा आहे.

सध्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांत, मुले वयाप्रमाणे गटांत बसतात. वाचता न येणारी हावभाव करत गाणी म्हणतात, मोठी मुले बायबलमधील वचन पाठ करतात, आणि नाताळ जवळ आला की नाटिकेची तालीम सुरू होते. बरीचशी मुले मात्र वर्गात येण्याआधीच पहिली प्रार्थना शिकलेली असतात, ती ताटावर बसल्यावर, घास घेण्यापूर्वी. आपला तरुण सहकारी तीमथ्य याची श्रद्धा आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होती, असे बायबलमध्ये प्रेषित पौल लिहितो. अनेक घरांत आजही मुलाला हात जोडायला शिकवते ती आजीच.