धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क

जिवाला किंवा तब्येतीला धोका आहे अशी रास्त भीती वाटली तर कामगारानं ते मॅनेजरला, शिफ्ट इन्चार्जला सांगायचं आणि त्याच वेळी फॅक्टरी इन्स्पेक्टरलाही कळवायचं, असा हा हक्क. 1948 च्या कारखाने अधिनियमात तो मुळात नव्हताच, भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 च्या दुरुस्तीनं कलम 41-एच म्हणून आला, तोही फक्त धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना. ठाणे-बेलापूर रोडवर रबाळे, महापे, पावणे, तुर्भे भागात केमिकलवाले बरेच, म्हणून इथं हा हक्क माहीत असणं फार गरजेचं आहे.

याची मुळं काही जण गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांपर्यंत नेतात (यांचा जन्म बहुतेक ठिकाणी ठाण्याचा दिलाय). 1884 मध्ये परळला सभा झाली, सुमारे 5,500 गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन गेलं आणि त्यात जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, कायमचा अधू झाला तर त्याची सोय करा, अशीही मागणी होती. त्यांच्या संघटनेचं साल कुणी 1884 धरतं कुणी 1890, सभा आणि निवेदन 1884 चंच, पण रीतसर संघटना म्हणाल तर 1890 जास्त पटतं. त्याआधीचा 1881 चा पहिला कारखाना कायदा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावानं आला की सोराबजी शापूरजी बंगालींसारख्या इथल्या सुधारकांच्या खटपटीनं, यावरही दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य दिसतं. पण लोखंड्यांची ती मागणी इजा झाल्यानंतरची होती, इजा होण्याआधी बोलायचा हक्क यायला अजून 100 वर्षं गेली.

2025 मध्ये नवी संहिता लागू होईपर्यंत 41-एच असं होतं: मॅनेजरला धोका पटला तर त्यानं लगेच उपाय करून इन्स्पेक्टरला रिपोर्ट द्यायचा, आणि नाही पटला तरी विषय दाबता येत नव्हता, तो इन्स्पेक्टरकडे पाठवावाच लागायचा, त्याचा निर्णय अंतिम. हे मोडलं तर कलम 96-ए खाली 7 वर्षांपर्यंत कैद आणि 2 लाखांपर्यंत दंड होता.

आता खरा वाद. सूचना देऊन काम थांबवता येतं का? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारात धोक्याच्या जागेवरून बाजूला झालेल्या कामगाराला संरक्षण आहे, 41-एच मध्ये मात्र शब्द फक्त कळवण्याचे होते, त्यामुळे काम थांबवायचा हक्क त्यातून ओढूनताणून काढावा लागायचा. रिॲक्टरपाशी उभ्या माणसासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे.

कामगाराची जबाबदारी त्याच जुन्या कायद्याच्या कलम 111 मध्ये होती: सेफ्टीच्या वस्तू वापरायच्या, मशीनचे गार्ड काढायचे नाहीत, मुद्दाम कुणाला धोक्यात घालायचं नाही.

कारखाने अधिनियमाच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020 च्या कामगार सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत सूचनेचा हक्क धोकादायक कारखान्यांपुरता न राहता इतर आस्थापनांतही आला, ही चांगली गोष्ट. पण जुन्या 41-जी मध्ये प्रत्येक धोकादायक कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती सक्तीची होती, संहितेच्या कलम 22 मध्ये ती सरकारी आदेशावर सोडलीय, आणि जिथं समितीच नाही तिथं ठेकेदाराच्या माणसाला एकट्यानंच तोंड उघडावं लागतं.