संकेतस्थळावरील संबोधन

संकेतस्थळ वापरणाऱ्याशी ज्या भाषेत बोलते तिची निवड: बटणे, सूचना, चूक दाखवणारे संदेश, पोच. मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांतून एक आधीच ठरवावे लागते, कारण क्रियापदही त्यामागे जाते.

'आपण' सर्वांत अदबीचे मानले जाते, पण ते 'तुम्ही-आम्ही मिळून' असेही सांगते. 'आपले खाते' कोणाचे, हे क्रियापदाच्या आधाराशिवाय कळत नाही. नागपुरात हा घोळ वाढतो. इथल्या हिंदीत 'अपन' म्हणजे आपण सगळे किंवा चक्क मी. त्यात हिंदी मजकुरातल्या 'आप'च्या जागी सरसकट 'आपण' बसवले जाते. मराठीत रोजच्या व्यवहाराला 'तुम्ही'तला आदर पुरतो.

'तू' जवळचे वाटले तरी भूतकाळात लिंग विचारते: पासवर्ड 'विसरलास' की 'विसरलीस'? 'विसरलात' सर्वांना चालते. संमतीच्या चौकटीत 'मी मान्य करतो/करते' असे लिहिण्यापेक्षा 'मला अटी मान्य आहेत' लिहावे. तिरकी रेघ लागतच नाही.

सर्वाधिक चुका आपोआप भरल्या जाणाऱ्या नावांत होतात. गावाच्या नावाला थेट 'त' जोडण्याची सोय केली, तर 'कामठीत' बरोबर येते. पण 'वर्धात', 'भंडारात' असे चुकीचे छापले जाते (हवे वर्ध्यात, भंडाऱ्यात), आणि 'नागपूरात' मध्ये ऱ्हस्व 'पु' हुकतो. सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना नावात होणारा बदल, संगणकावर सोपवू नये. 'वर्धा येथे' लिहिले की मूळ नाव जसेच्या तसे राहते. व्यक्तीच्या नावापुढे 'यांनी', 'यांना' वापरल्यास हीच अडचण टळते, वर आदरही राखला जातो. संख्येसाठी दोन वाक्ये लागतात: १ पावती, २ पावत्या. 'अर्ज' बदलत नाही, म्हणून केवळ त्यावर चाचणी घेतली तर दोष दिसत नाही.

बटणावर 'जतन करा', 'पुढे जा' पुरे. 'करावे' आणि 'करा' एकाच पानावर मिसळू नयेत. 'अवैध प्रविष्टी' या संदेशाने काहीच उमगत नाही. 'मोबाईल क्रमांक १० अंकी हवा' असे सांगितले की माणूस लगेच दुरुस्ती करतो.

शीर्षकात कायद्यातला 'मालमत्ता कर' असावा, पण शोधाच्या चौकटीने 'घरटॅक्स'ही ओळखला पाहिजे. नागपूरकर तेच टाईप करतात.