व्हाइटबार्क पाइनचं १९१० साल

डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेने व्हाइटबार्क पाइन या झाडाला धोक्यातल्या प्रजातींसाठीच्या कायद्याचं संरक्षण दिलं. रॉकी आणि कॅस्केड पर्वतांच्या माथ्यावर, बाकीची झाडं हात टेकतात तिथे हे झाड उभं राहतं. २०१६पर्यंतच्या मोजणीत अमेरिकेतली निम्म्याहून जास्त उभी झाडं मेलेली निघाली. या पडझडीची दोन मुळं योगायोगाने एकाच सालात सापडतात.

१९१० साली फ्रान्समधल्या रोपवाटिकेतली पाइनची रोपं व्हँकूव्हरला उतरली आणि त्यांच्याबरोबर एक बुरशीही उतरली. गहू-सोयाबीन पिकवणारा आपला शेतकरी तिचं कूळ लगेच ओळखेल: तांबेरा. फरक इतकाच की हा खोडात शिरतो. साल फुगते, उन्हाळ्याच्या तोंडी तिच्यावर फोड येतात आणि फुटले की केशरी भुकटी उडते. ही भुकटी दुसऱ्या पाइनला लागत नाही. ती करंट-गूजबेरीच्या झुडपांवर बसते, आणि तिथून पुढच्या पिढीचे बीजाणू पुन्हा पाइनच्या सुयांवर येतात. मग झुडपंच उपटा, असं ठरलं. १९३०च्या मंदीत हजारो बेकार तरुण त्या कामाला लागले. आज त्यांना हसणं सोपं आहे; पण गव्हाच्या तांबेऱ्याला आसरा देणारी बार्बेरीची झुडपं उपटण्याचा उपाय तिथे लागू पडला होता. इथे जमिनीत पडून राहिलेलं बी पुन्हा उगवत राहिलं. १९६०च्या दशकात पश्चिमेकडे नाद सोडला गेला.

त्याच १९१०च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानाकडे दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, ८०हून जास्त माणसं गेली. वनखात्याने असा धसका घेतला की १९३५मध्ये नियमच झाला: आज दिसलेला वणवा उद्या सकाळी १०पर्यंत आटोक्यात आलाच पाहिजे.

पण या पाइनला वणवा हवा असतो. त्याचे शंकू आपोआप उघडत नाहीत. क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी ते फोडतो, बिया जिभेखालच्या पिशवीत भरतो आणि जळून मोकळ्या झालेल्या जमिनीतही पुरून ठेवतो. खायच्या राहिलेल्या बिया रुजतात. वणवे थांबले तसे बऱ्याच उतारांवर सावलीत वाढणारी फरची झाडं माजली. पुढे हिवाळे सौम्य झाले आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनाही रान मोकळं मिळालं.

आता नुसतं जळू देऊन भागत नाही. तांबेऱ्याने शेंड्याकडच्या फांद्या मारल्या की शंकू जातात, शंकू नसले की पक्षी फिरकत नाही, आणि जळलेला उतार तसाच उघडा राहतो. म्हणून रोगट रानात तगून राहिलेली झाडं हेरतात, पक्ष्यांच्या आधी त्यांच्या शंकूंना जाळीचे पिंजरे बांधतात, बी काढून रोपं करतात. त्या रोपांवर दमट खोलीत करंटची रोगट पानं मुद्दाम पसरतात. पूर्वी झुडपं उपटली जायची, आता त्यांची पानं खुडून आणतात. कुठल्या झाडाची रोपं टिकतात त्यावरून पुढचं बियाणं ठरतं आणि लागवड बऱ्याचदा जळलेल्या उतारांवरच होते. पहिले शंकू धरायला २०-३० वर्षं, भरघोस धरायला ६०-८०.