इंजिन पुढं, ब्रेक मागं: हॉट हॅचच्या डिस्क आणि अलॉयची पार्श्वभूमी

सोलापुरात कोणी सेकंडहँड पोलो जीटी नाहीतर अबार्थ पुंटो घेतली की पुढचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या महिन्यात १७ इंची अलॉय रिम, मग ब्रेक कॅलिपरवर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) लाल प्लास्टिकचं कव्हर, मग पुण्याला जाऊन इंजिनचा रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) आणि सगळ्यात शेवटी, तेही एखाद्या दिवशी उसाच्या ट्रॉलीमागं गाडी कशीबशी थांबल्यावर, ब्रेकचा विषय निघतो. "काय बे, ब्रेक लागत नाहीत हिचे" म्हणून. पण हा उलटा क्रम काय आपल्याच पोरांनी शोधलेला नाही, हॉट हॅच, म्हणजे ताकदीचं इंजिन घातलेली छोटी हॅचबॅक, ही गाडीच मुळात अशी घडत आली आहे. कंपन्यांनी आधी इंजिन दिलं, ब्रेक मागून आले आणि चाकं मोठी होत गेली ती बऱ्याच अंशी त्या ब्रेकला आत जागा पाहिजे म्हणून. दिखाव्याचा भाग फार नंतरचा आहे.

डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी पॅडनं आवळायची, ही कल्पना तशी जुनी. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं १९०२ मध्येच पेटंट घेतलं होतं, पण त्याचे पॅड तांब्याचे, कर्कश आवाज करायचे आणि लवकर झिजायचे, म्हणून पुढची कितीतरी वर्षं सगळं जग ड्रमवरच, म्हणजे फिरणाऱ्या डब्याला आतून दाबणाऱ्या ब्रेकवरच चाललं. १९५३ ला जॅग्वार सी-टाइपनं डनलॉपच्या डिस्क लावून ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली तेव्हा लोकांचे डोळे उघडले. इतर गाड्यांचे ड्रम तापून ढिले पडत होते आणि जॅग्वारवाले वळणाच्या जवळ जाऊन उशिरा ब्रेक मारत होते. दोन वर्षांत सिट्रोएन डीएस पुढच्या चाकांना डिस्क घेऊन रोजच्या रस्त्यावर आली.

छोट्या गाडीत हे आलं मिनीमुळं. जॉन कूपरनं १९६१ मध्ये मिनीला जास्त ताकदीचं इंजिन बसवायला लावलं आणि पुढं डिस्क दिल्या. पण मिनीची चाकं १० इंचाची, त्यात डिस्क बसून बसून किती मोठी बसणार, ७ इंचाची बसली! तेवढ्यानं भागत नाही हे लवकरच कळलं. १९६३ च्या कूपर एसला साडेसात इंची डिस्क आणि पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्युम बूस्टर आला, आणि या गाडीनं पुढं १९६४, ६५ आणि ६७ अशी तीनदा माँटे कार्लो रॅली मारली. अर्ध्या इंचाची वाढ वाचायला किरकोळ वाटते, पण चाकाच्या आत जागा नसेल तर डिस्क वाढत नाही आणि डिस्क वाढवायची तर रिम वाढवावा लागतो, हे गणित तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही. मिनीवर मॅग्नेशियमचे मिनिलाइट रिम यायला लागले तेही रॅलीसाठी, वजन कमी आणि ब्रेकला हवा जास्त.

आता खरी गोष्ट, गोल्फ जीटीआयची. सप्टेंबर १९७५ ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये दाखवली, १९७६ च्या उन्हाळ्यात विक्रीला आली. १.६ लिटरचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन, ११० पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर), वजन ८१० किलोच्या आसपास. फोक्सवॅगनला वाटलं होतं ५००० गाड्या खपल्या तरी खूप झालं, आणि पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांवर खपल्या. पुढं व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क, मागं ड्रम, चाकं १३ इंची. जर्मनीत ठीक चाललं. पण १९७९ ला इंग्लंडसाठी उजव्या हाताचं स्टिअरिंग आलं तेव्हा कंपनीनं पेडल उजवीकडं आणलं आणि ब्रेक बूस्टर मात्र डावीकडं होता तिथंच ठेवला, मधे एक आडवा रॉड टाकून दोन्ही जोडले. आता पाय दाबला की आधी तो रॉड आणि त्याचे सांधे लवचिकपणा दाखवणार, मग बूस्टरला काही कळणार. ताकदीची गाडी आणि पेडल मऊ, असली अवस्था. पेडल कुठं आणि बूस्टर कुठं हे आपल्या उजव्या हाताच्या देशात कोणालाही लगेच समजेल.

यातूनच इंग्लंडात जीटीआयचे ब्रेक सुधारायचा एक मोठा उद्योगच उभा राहिला असं म्हटलं तरी चालेल. आणि त्यातली सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे महागडं किट न घेता त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे पार्ट लावायचे. मूळच्या २३९ मिमी डिस्कच्या जागी पुढच्या पिढीच्या १६ व्हॉल्व्ह गोल्फच्या २५६ मिमीच्या, आणि ज्याला अजून हौस त्यानं कोराडो जी६० या फोक्सवॅगनच्याच कूपेच्या २८० मिमीच्या. फक्त २८० ची डिस्क १३ इंची रिमात मावत नाही, म्हणजे १५ इंची घ्या. परत तेच गणित! आज आपल्याकडं पोलोला मोठ्या स्कोडाचे कॅलिपर आणि २८८ मिमीच्या डिस्क लावतात ती याच परंपरेतली गोष्ट, आणि माझ्या मते जुगाड असला तरी सगळ्यात शहाणा जुगाड हाच, कारण पार्ट कंपनीनं टेस्ट केलेला असतो आणि पॅड कुठंही मिळतात.

प्युजोनं हा धडा स्वतःच गिरवला. १९८४ ला २०५ जीटीआय आली तेव्हा १.६ इंजिन, १४ इंची चाकं, मागं ड्रम. १९८६ ला १.९ लिटर आणि १३० पीएस झाले तर मागंसुद्धा डिस्क आणि चाकं १५ इंची स्पीडलाइनची. इंजिन वाढवलं की ब्रेक आणि रिम सोबत वाढवायचे असतात हे शोरूममधूनच मिळालं. आपल्या देशात कंपन्यांना हे पटायला पुढं पंचवीस-तीस वर्षं गेली.

ज्यांची नावं आज आपण स्टिकरवर वाचतो त्या कंपन्या याच काळातल्या. ब्रेम्बो १९६१ ला इटलीत बेर्गामोजवळ सुरू झाली, १९६४ पासून सुट्या ब्रेक डिस्क बनवायला लागली, १९७५ ला फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीपर्यंत पोचली. रिममध्ये जर्मनीची बीबीएस १९७० ची, इटलीची ओझेड १९७१ ची, जपानची एन्केई त्याहून जुनी, १९५० ची. बायबर हे ब्रेम्बोचंच छोट्या बाइकसाठीचं ब्रँड, त्याचा माल पुण्यात बनतो. आणि आपलं सोलापूरही यात अगदीच कोरं नाही बरं का, इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट १९९२ पासून बनतात आणि मारुती, ह्युंदाई, टाटा, फोर्ड असल्या कंपन्यांच्या इंजिनात जातात. म्हणजे गाडी पळवणारा पार्ट चिंचोळी एमआयडीसीतून जाऊ शकतो, थांबवणारा मात्र बाहेरून मागवायला लागतो.

ब्रेकवर एवढा जोर कशासाठी ते जरा आकड्यात बघू. हजार किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवायची तर ब्रेकला साधारण ३८६ किलोज्युल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, १२० वरून थांबवायची तर ५५५. वेग २० टक्के वाढला, उष्णता ४४ टक्के. ही उष्णता कुठं जाणार, डिस्कमध्ये. आता इथं एक गैरसमज आहे की मोठी डिस्क लावली की गाडी लगेच कमी अंतरात थांबते. एकदाच ब्रेक मारायचा असेल तर थांबायचं अंतर टायरची ग्रिप ठरवते, चाकं लॉक व्हायला लागून एबीएस चालू होतोय म्हणजे ब्रेकची ताकद तिथं पुरेशीच आहे. मोठ्या डिस्कचा फायदा वारंवार ब्रेक मारताना. पातळ तव्यावर दोन भाकरीतच तिसरी करपायला लागते आणि जाड तवा अख्खी परात संपेपर्यंत एकसारखा चालतो, तसं आहे ते. तुळजापूरचा घाट उतरताना किंवा पुणे रोडवर टेंभुर्णी ते मोहोळ ट्रकच्या मधून शंभर-साठ-शंभर-चाळीस करत येताना हा फरक पायाला कळतो.

आणि ब्रेक ऑइल! सगळ्यात दुर्लक्षित. डॉट हा त्याचा दर्जा, डॉट ३ ताजं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० वर येतं. डॉट ४ चं २३० आणि १५५, डॉट ५.१ चं २६० आणि १८०. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतंच, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि आपल्याकडं किती जणांनी गाडी घेतल्यापासून बदललंय ते विचारूच नका. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, पेडल खाली जातं आणि गाडी तशीच पुढं. मे महिन्यात जिथं पारा ४३-४४ ला असतो तिथं हे सगळं आधीच गरम असलेल्या जागेवरून सुरू होतं.

भोकं पाडलेल्या डिस्कचं पण एक आहे. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर गॅस सुटायचा, पॅड आणि डिस्कच्या मधे त्याचा थर व्हायचा, त्याला वाट म्हणून रेसिंगमध्ये भोकं आणि खाचा आल्या. आजच्या चांगल्या पॅडमध्ये तो प्रश्न फारसा राहिलेला नाही, आणि स्वस्त डिस्कला ड्रिल मारलं तर तडे तिथूनच जातात. तरी दुकानात पहिली मागणी भोकांचीच, कारण रिममधून दिसतात.

भारतात हॉट हॅच उशिरा आणि वाकड्या वाटेनं आली. २००१ ला फियाट पालिओ १.६ जीटीएक्स आली, १०० बीएचपीची, त्या काळात छोट्या गाडीत ऐकलं नव्हतं एवढं. २००५ ला स्विफ्ट आली आणि तिच्यामुळं बदल करायची हौस घराघरात गेली. मग २००६ च्या बजेटनं सगळा खेळ फिरवला. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल इंजिन १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीच्या आत, तर एक्साइज २४ टक्क्यांवरून १६. झालं, १.६ चं पेट्रोल इंजिन छोट्या गाडीत टाकणं म्हणजे वेडेपणा ठरला, स्विफ्टचं १.३ सुद्धा २०१० मध्ये १.२ झालं. ताकद आणायची तर छोटं इंजिन आणि टर्बो एवढीच वाट उरली. म्हणून २०१३ ला पोलो जीटी टीएसआय आली, ११९७ सीसी, १०५ पीएस, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. आणि मागच्या चाकाला? ड्रम. कंपनीचं म्हणणं अगदी चूक नाही, त्या ताकदीला ड्रम पुरतात. पण टर्बो गाडीला रीमॅप करून ताकद वाढवणं लॅपटॉपवरचं काम आहे, ब्रेकला लॅपटॉप लावता येत नाही.

अपवाद म्हणजे रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ ची. १.४ टर्बो, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क, १६ इंची अलॉय, दहा लाखांच्या आत शोरूम किंमत. १२०० सीसीच्या वर असल्यानं कराचा फायदा सोडून दिलेली गाडी. त्या पैशात तशी गाडी परत आली नाही असं माझं स्पष्ट मत. २०१६ ची पोलो जीटीआय चांगली होती, १९२ पीएसची, पण बाहेरून आणलेल्या ९९ गाड्या आणि पंचवीस लाखांच्या वर किंमत, तिच्याबद्दल काय बोलायचं. बलेनो आरएसला २०१७ मध्ये मागं डिस्क आल्या, ह्युंदाईच्या आय२० एन लाइनला २०२१ मध्ये. पोलो २०२२ ला बंद झाली आणि तेव्हापासून जुन्या पोलोचा भाव आणि तिच्यावर होणारा खर्च दोन्ही वाढलेत.

चाकांकडं येऊ. पोलोचा टायर १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिमी, साइडवॉल म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची), म्हणजे पूर्ण व्यास ६०३ मिमी. १७ इंचावर जायचं आणि व्यास तोच ठेवायचा तर २१५/४० आर१७, ६०४ मिमी. स्पीडोमीटर खूश, गिअरिंग खूश. पण साइडवॉल १११ मिमीवरून ८६ वर आली. खड्डा आला की दणका झेलायला टायरची एक इंच उंची कमी, आणि तो दणका मग रिमच खातो. गावातला कोणताही नव्यानं खोदलेला रस्ता डोळ्यापुढं आणा! त्यात स्वस्त कास्ट रिम १७ इंचात जड असतो, एका चाकामागं दोन-तीन किलो सहज वाढतात, आणि फिरणारं वजन वाढलं की ते थांबवायचं कामही ब्रेकवरच येतं. म्हणजे शोसाठी घातलेल्या रिमनं ब्रेक अजून कमी पडायला लागतात. १६ इंच, हलका रिम आणि चांगला टायर हे सोलापूरच्या रस्त्याला बरं पडतं, आणि रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी टेस्टिंगचे शिक्के आहेत का ते बघून घ्यावं, डुप्लिकेट शिक्केही मिळतात हा भाग वेगळा.

पीसीडीचा, म्हणजे चाकाचे बोल्ट किती आणि ते केवढ्या व्यासाच्या वर्तुळावर बसतात त्याचा, घोळ तर जुनाच. पोलो ५ बाय १००, स्विफ्ट आणि आय२० ४ बाय १००, आणि फियाट तेवढी ४ बाय ९८. दोन मिलिमीटरचा फरक आहे म्हणून १०० चा रिम ठोकून बसवणारे महाभाग आहेत, नट वाकडे बसतात आणि चाक हळूहळू सुटायला लागतं. मधल्या होलचंही तेच, पोलोचं ५७.१ मिमी, फियाटचं ५८.१, स्विफ्टचं ५४.१. सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून आफ्टरमार्केट रिमचं होल मोठं ठेवतात, मधली फट भरणारी हब रिंग टाकली नाही तर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंग करून करून थकतो.

कायद्याची बाजू २०१९ मध्ये कडक झाली. जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारा बदल चालणार नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए खाली मालकाला दर बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पॅड, ऑइल आणि कंपनीच्या मापाची डिस्क हा मेंटेनन्समध्ये येणारा भाग, त्यावर कोणी बोट ठेवत नाही. रिम घेताना त्याच गाडीच्या टॉप मॉडेलला कंपनीनं दिलेलं माप आणि टायर साइझ धरली तर आरटीओ आणि इन्शुरन्स दोन्हीकडं बोलायला तोंड राहतं, आणि मोठे कॅलिपर बसवणारे शहाणे लोक जुना सेट भंगारात न घालता पोत्यात बांधून माळ्यावर ठेवतात, विकताना गाडी परत मूळ करून द्यायला तोच लागतो.